चंदू तांडेलाची झडप

दिशा परळहून थेट लालबागच्या मच्छीबाजारात आली, तेव्हा मंजुळा एका गिऱ्हाइकाला सुरमईच्या तुकड्या करून देत होती. पोरीचे डोळे सुजलेले होते. हॉस्पिटलात काहीतरी बिनसलंय हे मंजुळाच्या लगेच लक्षात आलं, पण तिने विचारलं नाही. चंदूबद्दल ती कधीच काही विचारत नसे.

"बाबा ऑपरेशन नको म्हणतायत," दिशा म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, नको तर उद्या घरी न्या. दुसरे पेशंट थांबलेत."

"मग ने घरी," मंजुळा म्हणाली आणि गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी दिली.

चंदू हा मंजुळाचा धाकटा दीर. शीव कोळीवाड्यातल्या एकाच घरात दोघं राहत, मधे प्लायवूडची भिंत. नवरा हिराजी समुद्रात बुडाला, त्यानंतर मंजुळा चंदूशी एक शब्द बोलली नव्हती. दिशा ही चंदूची एकुलती मुलगी. ती रांगत असतानाच तिची आई गेली, आणि मंजुळाला स्वतःचं मूल नव्हतं, तेव्हा पोर तिच्याच मांडीवर वाढली. त्यामुळे निरोपांची ने-आणही दिशाच्याच गळ्यात पडली. मंजुळा भिंतीच्या अलीकडून मोठ्याने म्हणायची, दिशा, तुझ्या बापाला सांग, नळ उघडा ठेवू नको. पलीकडे चंदूला ते ऐकू गेलेलं असायचं, तरी दिशा जाऊन सांगायची. आता ती दादरला एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती, पण घरी आली की हे काम तिला सुटलेलं नव्हतं.

गेल्या होळीपासून चंदूला दम लागायला लागला. तो तांडेल होता, बोट चालवणारा, खलाशांवर हुकूम सोडणारा माणूस. पण हुकूम सोडतानाच त्याचा श्वास तुटायला लागला. आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून उशा रचून बसल्या बसल्या झोपायचा. भिंतीपलीकडून खोकला आला की मंजुळा आपल्या बाजूचा पंखा वाढवायची. शेवटी पाय सुजून चप्पल चढेना, तेव्हा दिशाने त्याला जवळजवळ ओढतच परळला नेलं.

तिथे कळलं की त्याच्या हृदयाची एक झडप गळतेय. झडपेची पाळी, म्हणजे तिचा उघडमीट करणारा पातळ पापुद्रा, जागेवर धरून ठेवणारे बारीक दोरे असतात, त्यातला एक तुटला होता. पाळी मिटायच्या ऐवजी उलटी पडत होती आणि पुढे जायचं रक्त प्रत्येक ठोक्याला मागे, फुप्फुसाकडे येत होतं. गोळ्यांनी सूज उतरेल, झडप शिवली जाणार नाही, असं सर्जनबाईंनी सांगितलं. डॉ. संघमित्रा तांबे त्यांचं नाव. करी रोडच्या चाळीत वाढलेल्या, तोडून बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, आधी तुमचीच झडप दुरुस्त करायचा प्रयत्न करीन, नवे दोरे घालीन, भोवती एक कडं शिवीन. पण वचन देत नाही. नाही जमलं तर त्याच वेळी ती काढून धातूची बसवायची, आणि मग रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर. दोन्हीला हो म्हणत असाल तरच मी हात लावीन.

चंदू म्हणाला, माझी शिवता आली तर शिवा, नाहीतर तशीच ठेवून छाती बंद करा.

"गळकी झडप आत ठेवून छाती शिवायला मी शिंपी नाही," बाई म्हणाल्या.

चंदूनेही मग आवाज चढवला. बोटीवर रोज हात कापतो, कधी दोरीने, कधी काट्याने. रक्त पातळ करून मी बंदरापासून चार दिवस लांब कसा राहू? आणि समुद्रावर जायचं नसेल तर बाई, तुमच्या झडपेचं मी काय करू? दोघंही मागे हटेनात. दिशा मधे उभी राहून एकदा बापाकडे, एकदा बाईंकडे बघत राहिली आणि तशीच बाजारात आली.

"तू बोल बाबांशी," ती मंजुळाला म्हणाली.

मंजुळाने सुरमईचं डोकं बाजूला सारलं. तिने सांगितलं की त्या माणसाला मी मरायला पाठवलेलं नाही आणि परत आणायलाही मी जाणार नाही. जगण्यामरण्याचं त्याचं तो बघेल. शेजारच्या बायका हातातली कामं थांबवून ऐकत होत्या.

दिशा आजवर काकीला कधी उलटून बोलली नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, "काकी, तुला ते मेलेलेच हवेत का?"

मंजुळाने कोयता फळीवर ठेवला. मग शेजारणीला टोपलं बघायला सांगून, ओच्याला हात पुसत ती उठली.

वॉर्डाच्या दारात वॉचमनने तिला अडवलं. मासळीचा वास येतोय, आधी धुऊन या, असं तो म्हणाला. तुझ्या घरी मासे शिजवताना अत्तर टाकतात का, असं तिने विचारलं, आणि दिशाने मधे पडून तिला नळाकडे नेलं. हातपाय धुऊन ती आत शिरली तेव्हा तिचा राग आधीच तापलेला होता.

चंदू पाठीशी उशा लावून बसला होता. नाकाला नळी होती. मंजुळाने त्याला नीट असं कित्येक वर्षांत बघितलंच नव्हतं. भिंतीपलीकडची एक सावली, एक खोकला, दोरीवरचा एक शर्ट, एवढाच तो तिला माहीत होता. आता दिसलं की त्याची मान बारीक झालीय आणि गालांची हाडं वर आलीत. हिराजीसारखीच हाडं. त्याचाही तिला राग आला.

"वहिनी," तो म्हणाला. "बस."

"बसायला नाही आले. मरतोस काय?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा चादर बाजूला करून बघायला लागला. दिशाने पडदा ओढला.

"मरायचंच आहे कधीतरी," चंदू म्हणाला.

"तुझं बरं आहे. डोळे मिटलेस की सुटलास. आणि मी?"

आणि मंजुळा बोलायला लागली. इतकी वर्षं जे ती कोणाशी बोलली नव्हती, दिशाशीसुद्धा नाही, ते त्या हिरव्या पडद्याआड तिने त्याच्या तोंडावर फेकलं.

त्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी भाऊच्या धक्क्यावर होती. घरची बोट लागली. खलाशांनी टोपलं भरून वर दिलं, ताजी मोठी पापलेटं. तिने हिराजी दिसेना म्हणून विचारलं. चंदू केबिनच्या दारात उभा होता. त्याने सांगितलं, आत झोपलाय. तिला हसू आलं, झोपू दे म्हणाली, आणि टोपलं घेऊन बाजाराला निघाली. लालबागला तिने ती पापलेटं विकली. भाव चांगला लागला म्हणून शेजारणींना चहा पाजला. टोपलं रिकामं व्हायला आलं तेव्हा वाड्यातली माणसं तिला शोधत आली आणि कळलं की हिराजी आदल्या दिवशीच समुद्रात पडला, सापडला नाही, आणि चंदू पोलीस चौकीत जबाब देतोय.

"तुझा दादा गेला, ते मी समुद्राच्या नावाने सोडलं असतं," ती म्हणाली. "जातात माणसं. माझा बापही गेला तसाच. पण तू मला झोपलाय म्हणून सांगितलंस. मी हसत बाजाराला गेले रे. नवरा पाण्यात आणि मी गिऱ्हाइकाशी मस्करी करतेय."

चंदूचा श्वास जोरात चालू झाला होता. दिशाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला बापाचं आणि काकीचं वैर माहीत होतं, पण त्या वैराच्या पोटात हे आहे हे माहीत नव्हतं.

"का सांगितलंस तसं, ते मी तुला कधी विचारलं नाही," मंजुळा म्हणाली. "कारण तुझा आवाज ऐकायची मला शिसारी होती. पण त्या बोटीवरचे बाकीचे खलाशी कुठल्या गावाला गेले मला ठाऊक नाही. माझ्या नवऱ्याचं शेवटचं कोणी बघितलं? तूच. तू मेलास तर मी कोणाला विचारू?"

हे बोलून झाल्यावर ती स्वतःच थबकली. आपण इथे का आलो हे तिला तोवर माहीत नव्हतं. पोरीसाठी आलो असं ती जिना चढताना स्वतःला सांगत होती.

"आता विचार," चंदू म्हणाला.

"आता नाही. आता चार शब्द बोलशील नि धापा टाकशील. मला सगळं पाहिजे, पहिल्यापासून. धड होऊन ये आणि सांग. झडप तुझी राहो नाहीतर लोखंडाची बसो, मला त्याचं काही नाही."

"आणि बोट?"

"बोटीचं नाव माझ्यासमोर काढू नकोस," मंजुळा म्हणाली आणि पडदा सारून निघून गेली.

संध्याकाळी चंदूने दोन्ही गोष्टींना होकार दिला. दिशा रडत रडत मंजुळाला सांगायला आली, तर मंजुळाने तिला सुनावलं की मी तुझ्या बापासाठी काही केलेलं नाही, उगाच पाया पडू नकोस.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र ती दिशाबरोबर सकाळीच येऊन बसली. पोरीला एकटीला बसू द्यायचं नाही, एवढंच कारण तिने सांगितलं. बाहेरच्या बाकांवर गर्दी होती, जागेवरून एका कुटुंबाशी तिचं वाजलं. वाड्यातली काही माणसं रक्त द्यायला आली होती. मंजुळाला तिथे बघून ती एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्यातला एक म्हातारा बोलून गेला की शेवटी रक्ताचं नातं ते रक्ताचं. मंजुळाने त्याला तिथल्या तिथे सांगितलं की माझं नि त्याचं रक्ताचं काही नाही, तुम्ही रक्त दिलंत, तुम्ही नातं लावा. नंतर तिच्या वाटेला कोणी गेलं नाही.

दुपार कलली तरी आतून निरोप नव्हता. जेवढा वेळ लागेल म्हणून सांगितलं होतं, त्याच्यावर बराच गेला होता. दिशाने नखं कुरतडून बोटाला रक्त काढलं. मंजुळाने तिचा हात ओढून आपल्या मांडीवर दाबून ठेवला. तिच्या स्वतःच्या मनात वेगळंच चाललं होतं. हा माणूस टेबलावर मेला तर, ती विचार करत होती, मला फसवून गेला असं होईल. पुन्हा एकदा.

डॉ. तांबे बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. नवे दोरे घातले, कडं शिवलं, आत पाणी भरून बघितलं, झडप छान मिटत होती. पण हृदय परत चालू केल्यावर इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, गळती दिसली. एक दोरा किंचित लांब झाला होता. मग पुन्हा मशीनवर घेऊन हृदय थांबवलं, पुन्हा उघडलं.

"धातूची झडप टेबलावर काढून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एकदाच अजून बघू. तो दोरा परत बांधला. आता गळत नाही. त्याची स्वतःचीच झडप आहे."

दिशा बाकावर खाली बसली. मंजुळाने विचारलं, "नक्की?"

"आज नक्की. पुढचं पुढे बघू. दोनदा हृदय थांबवलंय, दोन दिवस नाजूक आहेत."

बाई गेल्या. वाड्यातल्या माणसांनी हात जोडले. मंजुळा जिना उतरून खाली नळावर गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटत होतं, आणि ते वाटतंय याचीच चीड येत होती. ज्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून तिने इतकी वर्षं देवाला सांगितलं, त्याच्यासाठी आपण सकाळपासून बाकावर बसून राहिलो, हे तिला सहन होईना.

आयसीयूत ती गेली नाही. चंदूला वॉर्डात आणल्यावर दिशाला दुकानात परतावं लागलं, तेव्हा पेजेचा डबा घेऊन मंजुळालाच यावं लागलं. तिने डबा स्टुलावर आपटला. चंदूच्या छातीवर मधोमध उभी पट्टी होती आणि खोकला आला की तो उशी छातीशी कवटाळून धरत होता, चेहरा वेडावाकडा करत होता. ती बघत राहिली. मदत करावी असं तिला वाटलं नाही, निघून जावंसंही वाटलं नाही.

"वहिनी, त्या दिवशी…" त्याने सुरुवात केली.

"इथे नाही. खा आधी."

घरी आल्यावरही तिने त्याला काही दिवस दिले. मग एका दुपारी, दिशा कामावर असताना, ती भिंतीला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली. हिराजी गेल्यापासून ती त्या खोलीत पाय ठेवत नव्हती. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "सांग."

चंदूने सांगितलं. भरदुपारची वेळ होती, ऊन होतं, वादळ नाही की काही नाही. जाळं सोडत असताना दोरीचा वेढा हिराजीच्या पायात अडकला. तो ओरडलासुद्धा नाही, खलाशी ओरडले. चंदूने इंजिन बंद केलं, बोट फिरवली. हिराजीचं डोकं एकदा वर दिसलं, हात दिसला, मग जाळ्याच्या वजनाने खाली गेला. चंदूने उडी मारली, दोरी कापली, पण ती रिकामी वर आली. अंधार पडेपर्यंत ते त्याच पाण्यात घिरट्या घालत राहिले. वायरलेस बंद पडलेला होता, दुसरी बोट दिसेना. डिझेल संपत आल्यावर खलाशी घाबरले आणि त्याने बोट बंदराकडे वळवली.

"काही बोलले का ते?" मंजुळाने विचारलं. "पडायच्या आधी."

चंदूने आठवून बघितलं. "चहात साखर कमी झालीय म्हणाला. खलाशाला शिव्या दिल्या."

मंजुळाने मान हलवली. हिराजी तसाच होता. हे खोटं नसणार.

"आणि मला का तसं सांगितलंस?"

चंदू म्हणाला की धक्क्याला येईपर्यंत तो तिला कसं सांगायचं हेच मनात घोकत होता. पण बोट लागली आणि खलाशांनी सवयीने टोपलं वर दिलं, त्याला थांबवायला सुचलंच नाही. "तू वर उभी होतीस. टोपलं डोक्यावर चढवलेलं. मला वाटलं, ते उतरवलं की सांगू. भरल्या टोपल्याखाली सांगितलं तर पडशील. तू विचारलंस आणि तोंडातून निघालं, झोपलाय म्हणून. मग तू हसलीस. तू हसल्यावर माझ्याच्याने होईना. तू पायऱ्या चढून जात होतीस आणि मी बघत होतो."

"हाक मारता आली असती."

"आली असती."

"पडले असते तर पडले असते. माझा नवरा गेला होता. पडायचा हक्क होता मला."

"होता."

"माफी मागू नकोस."

"मागत नाही," चंदू म्हणाला. "मागून काय होणार आहे."

मंजुळा उठली. तिला वाटलं होतं की ऐकून झाल्यावर काहीतरी होईल. रडू येईल, नाहीतर राग सगळा निघून जाईल. तसं काही झालं नाही. राग होता तिथेच होता, फक्त आता त्याला कडा दिसत होत्या. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत होतं. तिने खुर्ची जागेवर ठेवली, दुपारची गोळी घेतलीस का विचारलं, नाही म्हटल्यावर त्याला शिवी दिली आणि आपल्या बाजूला निघून गेली. त्या दुपारी ती बाजारात गेली नाही. पडून राहिली, आणि हिराजी साखरेवरून भांडताना कसा दिसत असेल ते डोळ्यांसमोर आणत राहिली.

त्यानंतर दोघं बोलायला लागली, म्हणजे भांडायला लागली. डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हटलेलं असताना त्याने बर्फाचा खोका हलवला, तेव्हा मंजुळाने गल्लीच्या तोंडापासून त्याचा उद्धार केला. त्याने तिच्या हातच्या अळणी कालवणाला नाव ठेवलं, तिने ते गटारात ओतलं. शेजारच्या बाया दिशाला म्हणाल्या, पूर्वी तुमच्या घरात किती शांत होतं.

छातीचं हाड जुळून आल्यावर तपासणीसाठी परळला जायचं होतं. दिशाला सुट्टी मिळेना, म्हणून मंजुळा गेली. बाहेर बसताना दोघांनी मधे एक खुर्ची रिकामी ठेवली. आत डॉ. तांबेंनी स्वतः पडद्यावर बघितलं आणि बोट ठेवून दाखवलं. दोन पातळ पाळ्या उघडत होत्या, मिटत होत्या, आणि मिटल्यावर मागे काही येत नव्हतं.

"गळत नाही," बाई म्हणाल्या. "कडं मुरेपर्यंत दिलेली रक्त पातळ करायची गोळी आता बंद करू."

चंदूने विचारलं, बोटीवर कधी जाऊ? बाईंनी सांगितलं, अजून थोडं थांबा, मग आधी जवळच्या फेऱ्या करा, जड कामाला माणूस ठेवा.

मंजुळा पडद्याकडेच बघत होती. "त्याला लांबच पाठवा," ती म्हणाली. "घरात डोकं उठवतो."

बाईंना हसू आलं. चंदूला आलं नाही. तो शर्टाची बटणं लावत म्हणाला, "हिच्या तोंडातून सुटायला तरी जाईन."

रस्त्यावर आल्यावर त्याने समोरच्या टपरीकडे बोट दाखवलं आणि चहा घेऊ म्हणाला. मंजुळाने सांगितलं की तुझ्याबरोबर बसून चहा प्यायचे दिवस अजून आलेले नाहीत आणि येणारही नाहीत. तो म्हणाला, नको तर नको, मी घेतो. तो रस्ता ओलांडून गेला, न थांबता, आणि टपरीच्या बाकावर बसला. मंजुळा अलीकडच्या फुटपाथवर उन्हात उभी राहिली. त्याचा चहा संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.